हाताच्या उंचीवरचा पट्टा

श्रीरामपूर, मंगळवार, १२ नोव्हेंबर, दुपारी सव्वाचार

आत्ताच चर्चमधून परतले, तर हॉलच्या गुळगुळीत भिंतीवर खरखरीत पट्टा! सुनेने मला न विचारता टेक्श्चर करून घेतलेलं. तेही फक्त कमरेएवढ्या उंचीवर. म्हणे, "मम्मी, हीच फॅशन आहे." आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी असलं अर्धवट काम खपवून घेतलं नसतं.

ह्यांना दिसत नाही. बोटं सोलली तर? भांडायला तोंड उघडलं, तोच हे पट्ट्यावर हात फिरवत एकटेच बाथरूमपर्यंत गेले. "अगं, पट्टा संपला की दार! आता तू बस निवांत."

निवांत बसून करू काय? इतकी वर्षं ह्यांचा हात मीच धरला. पट्टा खरवडून टाकायला सांगू? की... कमरेएवढाच का? सुनेने ठरवून केलं? मग मला का नाही विचारलं? रविवारच्या चर्चमधल्या मिस्सा-प्रार्थनेपूर्वी तिचं लेखी उत्तर हवं.