आरतीला ह्यांना बसवू नका

अक्का,

ह्यांच्या पोटाला बांधायचा नवा पट्टा आणायला मी हुबळीला जाते आहे. जुना पट्टा दवाखान्याचा विटाळ म्हणून तुम्ही उकळत्या पाण्यात घातलात. आता तो पवित्र झाला आहे आणि त्याचं इलॅस्टिक गेलं आहे. घरात दुसरं कोणी नाही, म्हणून ह्यांना तुमच्यावर सोपवते.

मी येईपर्यंत तुमच्या भावाला उठवून बसवायचं नाही. मणक्याला मार लागल्यापासून ह्यांना पट्ट्याशिवाय बसवलं की रक्त पायांत उतरतं आणि बीपी खाली जातं. खाली, अक्का. वर जातं ते तुमचं. बीपी म्हटलं की मीठ बंद, हे ज्ञान तुमच्या ताटापुरतं ठेवा. ह्यांच्या सारात डॉक्टरांनी मीठ जास्तच घालायला सांगितलंय.

पडल्यापडल्याही गरगरलं तर डोक्याखालची उशी काढून पायांखाली द्या. तोंडावर तीर्थ शिंपडू नका.

काल आरतीच्या वेळी तुम्ही ह्यांना भिंतीला टेकवून ताठ बसवलंत. डोळे मिटले, मान कलली, मी स्वयंपाकघरातून ओरडले, तर मलाच गप्प राहायची खूण केलीत. म्हणालात, "बघ, कसा तल्लीन झालाय माझा सदा." त्यांची शुद्ध गेली होती, अक्का. मी धावत येऊन आडवं करेपर्यंत तुम्ही दुसरी आरती सुरू केली होतीत.

आज आरती एकट्याच करा. देवाला बसायला पट्टा लागत नाही.

भाग्यलक्ष्मी