साहेबांची खुर्ची

माननीय साहेब,

मला बडतर्फ करताना माझंच पेन मागून सही केलीत आणि ते खिशात घातलंत. नोकरीचं राहू द्या, पण पेन?

ऑफिसचं जुनं सामान लिलावात निघालं, तेव्हा तुम्हाला सोडवत नव्हती ती खुर्ची मी घेतली. तिचा लाकडी हात कापून लेथवर चढवला. पटाशीची धार टेकताच तुमच्यासारखाच किंचाळला. त्याचं पेन केलं.

काल माझ्या पेनांच्या दुकानात आलात, पण तुम्ही मला ओळखलं नाहीत. नेमकं तेच पेन उचललंत.

"वा, हाताला ओळखीचं वाटतं! किती द्यायचे?"

"खिशातलं जुनं द्या, फिटलं."

कापलेली खुर्ची छातीशी घेऊन हिंडा खुशाल. कळलं तर फेकून द्याल, म्हणूनच हे पत्र पोस्टात टाकत नाही. माझं पेन मिळालं, त्यानेच लिहितोय.

आपला,
बडतर्फ कारकून