पाडव्यापर्यंत पिल्लू

१ जानेवारी १९९९, शुक्रवार

निवृत्तीला तीन महिने झाले. नव्या वर्षाचा संकल्प: पक्षी पाळणार. नुसते पाळणार नाही, त्यांचा वंश वाढवणार. घरात, पिंजऱ्यात, शास्त्रशुद्ध पद्धतीने. आस्थापना विभागात छत्तीस वर्षं दीडशे माणसं सांभाळली. दोन फिंच म्हणजे किस झाड की पत्ती!

विश्रांतवाडीत राहायला आल्यापासून बघतोय, इथली माणसं नुसती राहतात. व्यासंग शून्य. सदाशिव पेठेत दर जिन्यावर एक तरी तज्ज्ञ भेटायचा. उल्काला संकल्प सांगितला. ती कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होती. मान वर न करता म्हणाली, पाळा.

३ जानेवारी, रविवार

मंडईच्या मागच्या गल्लीतून जोडी आणली. झेब्रा फिंच. नराच्या गालावर नारिंगी ठिपके, चोच लालभडक. मादी साधी, राखाडी. दुकानदार म्हणाला, ही जात भराभर वाढते, फार काही करावं लागत नाही. हे लोक असंच बोलणार. मी पंधरा प्रश्न विचारले. सोळाव्याला तो आत जेवायला निघून गेला.

नोंदवहीत नावं घातली. श्री. आणि सौ.

आता जागा. वारा नाही, वर्दळ नाही, उत्तरेचा उजेड, अशी खोली घरात एकच. मागची. तिथे उल्काचं शिलाई मशीन. म्हणे लगीनसराई तोंडावर आली आहे. ब्लाउज काय, अंधारातही शिवता येतात. शेवटी करार झाला. मी तो लिहून काढून दोघांच्या सह्या घेतल्या. गुढीपाडव्यापर्यंत खोली माझी. पाडव्याला पिल्लू दाखवलं तर खोली कायमची पक्ष्यांची. नाही दाखवलं तर खोली तिची, आणि मी तिथे पुन्हा लुडबुड करायची नाही. ‘लुडबुड’ हा शब्द तिचा. तिने हसून सही केली. मशीन तिने एकटीनेच ओढत पॅसेजमध्ये नेलं. मी दार धरून उभा होतो.

६ जानेवारी

सुताराकडून लाकडी पेटी करून घेतली. पुढे गोल भोक, वर झाकण. पिंजऱ्यात टांगली. घरट्यासाठी नारळाचा काथ्या आणि वाळकं गवत. पुरवठा सकाळी साडेसात आणि दुपारी चार. पुरवठ्यात खंड पडला की काम रखडतं, हे मी नोकरीत डोळ्यांनी पाहिलं आहे.

पक्ष्यांना चोच घासायला काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेसही आणला. उल्का म्हणाली, गेल्या वर्षी माझा कान फुटला तेव्हा काष्ठौषधीच्या दुकानात जायला तुम्हाला वेळ नव्हता. विषयाला धरून बोलणं हिला जमत नाही.

११ जानेवारी

श्री. कामाला लागला! एकेक काडी चोचीत धरतो आणि आत नेतो. आज मोजल्या, एकशे चार खेपा. सरकारी नोकर असता तर बढतीसाठी शिफारस केली असती. सौ. आतून रचते.

१४ जानेवारी, संक्रांत

ब्लाउज न्यायला आलेल्या बायका तिळगूळ घेऊन मागच्या खोलीत डोकावत होत्या. एकीने चक्क शीळ घातली. ताबडतोब दारावर पाटी लावली: ‘आत गरोदर पक्षी आहे. ब्लाउजची चौकशी पॅसेजमध्ये करावी. पक्षी बघून झाला असल्यास घरी जावे. आज्ञेवरून, य. गो. आठल्ये.’

उल्का म्हणाली, पक्षी गरोदर नसतात. खोडून ‘संसारी पक्षी’ केलं. तरी बायका हसत होत्या. काही लोकांना कशाचंच गांभीर्य नसतं.

१९ जानेवारी

पक्षिपालनाच्या पुस्तकात लिहिलंय, विणीच्या काळात मादीला उकडलेलं अंडं कुस्करून द्यावं. उल्काने स्वयंपाकघरात अंडं आणू दिलं नाही. पातेलं देणार नाही, गॅस देणार नाही, चमचा तर नाहीच. मग बाथरूममध्ये बादलीत हीटर लावला आणि अंडं त्यात सोडलं. उत्तम उकडलं. पाणी तापलंच होतं, त्यातच आंघोळ उरकली. बुद्धी असली की मार्ग निघतो. दिवसभर उल्का माझ्याजवळून जाताना नाकाला पदर लावत होती.

२८ जानेवारी, सकाळी ८

टॉर्च मारून पाहिलं. अंडं नाही. फक्त गवत.

विचार केला आणि उलगडा झाला. घर पूर्ण झाल्याशिवाय कुठलंही शहाणं जोडपं राहायला जात नाही. आम्ही स्वतः कम्प्लीशन सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत या फ्लॅटमध्ये पाऊल ठेवलं नव्हतं. श्री. आणि सौ. पेठेतल्या माणसांसारखीच चोखंदळ दिसतात. बांधकाम लवकर संपवायचं तर माल वाढवायला हवा. पुरवठा दिवसातून तीनदा केला.

३१ जानेवारी, रविवार

मागच्या बंगल्यातला गेनबा आला होता. आमची सोसायटी उभी आहे ती याच्या ज्वारीच्या शेतावर. शेत विकलं, बंगला बांधला, आणि आता व्हरांड्यात डालड्याचे डबे टांगून त्यात चाळीस फिंच भरून ठेवल्यात. ना नोंद, ना वेळापत्रक. कोण कुणाचा हेसुद्धा त्याला सांगता येत नाही.

त्याने पेटीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, सायेब, काड्या देनं बंद करा, बास हाय आता. मिळत्यात तवर ही पाखरं रचतच राहत्यात, आंडी दिली तरी आंड्यावर रचत्यात.

मी म्हटलं, गेनबा, मी रोज दोनदा टॉर्च मारून बघतो, आत अंडीच नाहीत, तर त्यांच्यावर रचणार काय? तो चपला घालायला उठला. सरळ तर्कापुढे या लोकांचं काही चालत नाही. जाताना उल्काला म्हणाला, वैनी, हितं लई अंधार हाय, डोळं जातील. नको तिथे लक्ष.

८ फेब्रुवारी

अंडी नाहीत. दोष श्री.चा. आज तो अर्धा तास नुसता दांडीवर बसून गात होता. नोंदवहीत शेरा मारला: ‘कामात चालढकल. समज देण्यात आली.’ समज दिलीही. पिंजऱ्यासमोर उभं राहून, हळू आवाजात. सौ. त्या वेळी आत होती. हल्ली ती बराच वेळ आतच असते. लाजाळू आहे.

१५ फेब्रुवारी

मशीनची खडखड हेच कारण असणार. एक ते चार मशीन बंद, कुकरची शिट्टी कायमची बंद, असं उल्काला सांगितलं. तिने भात उघड्या पातेल्यात केला आणि तो करपला.

संध्याकाळी आणखी एक प्रकार. पॅसेजमध्ये दिसलं नाही म्हणून कुठल्याशा नवरीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उजव्याच लावून बसली. नवरीची आई तावातावाने आली. उल्का नुसत्या बाह्या उसवत बसली. बोटाला सुई लागून रक्त आलं होतं. मी म्हटलं, लक्ष देऊन काम करावं. त्यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मला आवडलं नाही.

१७ फेब्रुवारी

उल्का मशीन घेऊन गेनबाच्या बंगल्यावर गेली. त्याच्या बायकोने, सोजरबाईने, व्हरांड्यातला उजेडाचा कोपरा दिला म्हणे. सकाळी नऊला जाते ती सहाला येते. तिकडे चाळीस फिंचांच्या कलकलाटात शिवते. झेपेल तिला ते!

घरात विलक्षण शांतता. प्रयोगाला आदर्श परिस्थिती. झाकून ठेवलेली गार पोळी खाल्ली. पोळीबरोबर काय आहे हे विचारायला घरात कोणी नव्हतं.

१ मार्च, होळी

पेटी तीन चतुर्थांश भरली. सौ. आता भोकातून अंग चोरून, आडवी होऊन आत शिरते. एवढं भक्कम घरटं मी पुस्तकातल्या चित्रातही पाहिलेलं नाही. गेनबाचे पक्षी डब्यात चिमूटभर गवतावर बसतात. झोपडपट्टी!

पाडव्याला सतरा दिवस. पुरवठा चारदा.

९ मार्च

अंडं नाही. तेरा दिवसांची उबवण धरली तर पाडव्याची तारीख आता गणितात बसत नाही. तरी निदान अंडं दिसलं तर मुदतवाढ मागता येईल. सरकारी कामात मुदतवाढ हा हक्क असतो.

उल्काला सहज विचारलं. ती म्हणाली, करारात मुदतवाढ नाही, तुम्हीच लिहिलाय.

१४ मार्च

पुस्तिकेचं लेखन सुरू. नाव ठरलं, ‘फिंचसंवर्धन: शिस्तीतून संसार’. प्रस्तावना पूर्ण. पाडव्याला सकाळी दहा वाजता गेनबा आणि सोजरबाईला बोलावलं आहे. काही दिसो न दिसो, घरटं तरी बघून जाऊ देत. बांधकाम कसं असतं ते कळेल.

१८ मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारली. दहा वाजता गेनबा आणि सोजरबाई आली. उल्काही उभी होती. मी दहा मिनिटं बोललो. मग टॉर्च मारला. आत गवत.

गेनबा म्हणाला, सायेब, पेटी उघडून बघू का? मी परवानगी दिली. त्याने पेटी काढून टेबलावर ठेवली, झाकण उघडलं आणि वरचा थर अलगद उचलला. खाली पाच अंडी. पांढरी, शेंगदाण्याएवढी. मी ओरडलोच, पाहा!  गेनबाने त्याच्याखालचा थर उचलला. आणखी पाच. त्याच्याखाली काथ्या, आणि पेटीच्या तळाशी चार.

चौदा अंडी. सगळी गारठलेली.

सोजरबाई म्हणाली, अगं बया, बिचारीनं तीनदा घातली, आन् तीनदा आंड्यांवर गवत आलं. एवढं बोलून तिने तोंडावर पदर घेतला. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. सौ. दांडीवर बसून टेबलाकडे टक लावून बघत होती. मला लाज वाटली. फार लाज वाटली. श्रीखंडाची वाटी तशीच ठेवली.

दुपारी ४: अर्थात, काथ्या हलक्या प्रतीचा होता हेही लक्षात घ्यायला हवं.

१९ मार्च

मशीन परत मागच्या खोलीत. यावेळी दुसरी बाजू मी धरली. पाटी काढली. मी म्हटलं, पक्षी गेनबाला देऊन टाकू, आपल्याला हे लाभत नाही. उल्का म्हणाली, पक्ष्यांनी काय घोडं मारलंय? राहू देत इथेच.

तिने पेटी धुतली, उन्हात वाळवली, मूठभर काथ्या आत घातला आणि टांगली. बाकीचं गवत कचऱ्यात टाकलं. मग माझ्या हातातून टॉर्च घेतला आणि तिच्या कपाटात ठेवला. काढून घेतला असं नाही म्हणणार मी. घेतला.

२ एप्रिल

खोलीत जायला मला बंदी. बाहेर उभं राहून नोंदी घेतोय. आत दिवसभर मशीन खडखडतंय, रेडिओ चालू, बायका मापं द्यायला येतात, हसतात, चहा पितात. शास्त्राच्या दृष्टीने सगळं चूक. काही होणं शक्य नाही. पुस्तिकेत यावर एक परिशिष्ट घालीन.

१५ एप्रिल, सकाळी ११

दाराआडून बारीक आवाज येतोय. मांजरीचं पिल्लू म्हणावं तर तसा नाही. चीप् चीप् असा, एकसारखा, भुकेला.

दार ठोठावलं. उल्काने फट उघडली. मी विचारलं, काय केलंस तू? म्हणाली, काही नाही केलं. मी म्हटलं, काहीतरी केलंच असशील. म्हणाली, काही नाही करायचं, एवढंच काम होतं. आणि आतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाली, छत्तीस वर्षं ऑफिसात तुम्ही दुसरं काय करत होता? मग घरी आल्यावर नेमकं तेच का नाही जमलं?

बायका खो खो हसल्या. मी खाली जाऊन पेपर वाचला. एकच बातमी चारदा वाचली.

२१ एप्रिल

अटी मान्य केल्या. तोंडी. आत जायचं असेल तर खुर्चीवर बसून हुक लावायचे. उठायचं नाही, पेटीपाशी जायचं नाही, सूचना द्यायच्या नाहीत. आज सहा ब्लाउज झाले. हुकांमधलं अंतर ही बाई आजवर नुसत्या अंदाजाने ठेवत होती. मी पट्टीने मोजून लावले. तिने सगळे तपासले आणि दोन उसवायला लावले.

२ मे, रविवार, दुपारी साडेबारा

अकरावा ब्लाउज हातात होता. उल्काने मशीन थांबवलं आणि नुसती मान हलवून पेटीकडे बघा म्हणून खुणावलं. भोकातून एक काळी चोच बाहेर आली. मग डोळा. मग अख्खं डोकं. ते पिल्लू आमच्याकडे बघत होतं. त्याच्या मागून दुसरं ढकलत होतं. सौ. आली आणि दोघांच्याही चोचीत घास कोंबून गेली. श्री. दांडीवर बसून गात होता. माझ्या शेऱ्याचं त्याला काही नाही.

मी खुर्चीवरून उठलो नाही. डोळ्यांत पाणी आलं. सुई टोचली म्हणून सांगितलं. उल्काने माझी बोटं बघितली, एकाही बोटाला काही झालेलं नव्हतं.  तिने चष्मा पुसायला टेबलावरचं एक मऊ कात्रण उचलून दिलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

संध्याकाळपर्यंत आणखी पाच ब्लाउज आहेत.