आंधळा चढ, न सोडता

प्रिय भिंगरी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू दचकली असशील. बाबा आणि पत्र? फोन बिघडला की डोकं? दोन्ही ठणठणीत आहेत. आधी सावकाश वाच, मग काय रागवायचं ते रागव. दुपारची वेळ आहे. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानात आज कोणी शिकाऊ नाही. खांबांच्या सावल्या लांब होत होत भिंतीला टेकल्या आहेत आणि मी ऑफिसच्या खिडकीशी बसून लिहितो आहे. तुझी आई समोर वाटाणे सोलत बसली आहे आणि मान लांब करून बघते आहे. हे आमच्या दोघांतलं आहे असं मी तिला खुणेनं सांगितलं, तर तिनं नाक मुरडलं. तिचं म्हणणं, इतकी वर्षं बापलेक एका गाडीत कोंडून घेऊन बडबडत होतात, आता आणखी काय सांगायचं उरलंय? उरलंय ना. आणि ते रविवारच्या आत तुझ्या हाती पडायला हवं.

रविवारचं मला सगळं माहीत आहे. तुझी इंजिनिअर, ती कुरळ्या केसांची, तिचा घरी फोन आला होता. तुला न सांगता केला म्हणून तिच्यावर चिडू नकोस, पोरगी तुझ्यासाठी जीव टाकते. ती म्हणाली, टीमच्या मालकांनी सांगून टाकलंय की ही एक शर्यत बघू, नाहीतर पुढच्या मोसमात तुझी सीट त्या लहानपणापासून ट्रॅकवरच वाढलेल्या मुलाला. पावसात तुझ्या जवळपास कोणी येत नाही, ब्रेक तर तू सगळ्यांपेक्षा उशिरा मारतेस, हे तिनं दोनदा सांगितलं. पण तिसऱ्या वळणानंतरचा तो चढ, ज्याच्या पलीकडचं काही दिसत नाही, तिथे प्रत्येक फेरीत तुझा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो. एक क्षणभरच, पण प्रत्येक फेरीत. कॉम्प्युटरवरची रेघ तिथे खाली बसते. तुला विचारलं तर तू म्हणतेस, मी उचलतच नाही. तू खोटं बोलत नाहीस हे तिला कळतं, म्हणून तर ती चक्रावली आहे. पूर्वी रॅलीत अशा जागी काही अपघात झाला होता का, मनात भीती बसली आहे का, असं तिनं चाचरत विचारलं. फोन आईनं धरला होता, मी नुसता ऐकत होतो. उत्तर मला माहीत होतं.

पण ते सांगण्याआधी जरा इकडचं सांगतो, नाहीतर तू म्हणशील बाबा मुद्द्यावर आला की समजावं काहीतरी बिनसलंय. स्कूलची पांढरी गाडी अजून चालते. सध्या दातांच्या एक डॉक्टरीणबाई शिकायला येतात. रुग्णाच्या तोंडात यंत्र घालताना त्यांचा हात हलत नसेल, पण गिअर बदलताना नुसता थरथरतो. मी अलीकडे शिकवताना डॅशबोर्डवर बोटानं टकटक करतो, एकदा म्हणजे डावीकडे, दोनदा म्हणजे उजवीकडे, आणि तळहात ठेवला की सावकाश. बाईंना पद्धत फार आवडली. आईला म्हणाल्या, सर आता ओरडत नाहीत ना, तेव्हापासून माझी गाडी बंद पडत नाही. ज्याचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला झोपलेल्या कुत्र्याला उठवायचा, त्या माणसाबद्दल हे! आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

तुला आपली सुरुवात आठवते का ग? तुझ्याबरोबर रॅलीत नेव्हिगेटर म्हणून बसायला कोणी तयार होईना, कारण तू गाडी चालवायचीस की फेकायचीस हे कोणालाच कळत नसे. शेवटी मीच बसलो. आयुष्यभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसलेला माणूस, पण माझ्या पायाखाली नेहमी माझा स्वतःचा ब्रेक. तुझ्या गाडीत तो नव्हता. पहिला मोसम मी रिकाम्या जमिनीवरच ब्रेक दाबत होतो, इतका की माझ्या बाजूच्या मॅटला टाचेखाली भोक पडलं आणि तू ते सगळ्यांना दाखवत फिरलीस. हळूहळू माझा पाय शांत झाला. मग उरला फक्त आवाज. मांडीवर रस्त्याचं एकेक वळण लिहिलेली वही, मान खाली, आणि मी वाचतो आहे, डावं, मोकळं, मग उजवं, पुढे आवळतं, मग आंधळा चढ, न सोडता, पाय दाबलेलाच. बाहेर जंगल जात असायचं, माती उडायची, कधी धुकं काचेला येऊन चिकटायचं, आणि मला त्यातलं काही दिसत नसे. तरी मला वाटायचं की रस्ता आधी माझ्या तोंडातून निघतो आणि मग तू त्याच्यावरून जातेस. इतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. हे तुला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

आता ती धुक्याची सकाळ आठव. दमटपणानं वहीची दोन पानं एकमेकांना चिकटली आणि मला जागा सापडेना. मी गप्प झालो, तू माझ्या भरवशावर तशीच सुसाट, आणि आपण कालव्याच्या काठावर पुढची चाकं हवेत लोंबकळत थांबलो. मग गाडी मागे ओढून घेतल्यावर बॉनेटवर बसून थर्मासमधला चहा पिताना आपण नियम केला. बाबा गप्प झाला की पाय उचलायचा. का, कशाला, काही विचारायचं नाही, डोक्याला मध्ये घ्यायचंच नाही, नुसता पाय वर. तू तो नियम असा अंगात मुरवलास, की मला साधा खोकला आला तरी गाडी हळू व्हायची. त्यानं आपल्याला किती वेळा वाचवलं ते आईला अजून माहीत नाही. ती मान लांब करून हेच वाचते आहे वाटतं, वाटाणे खाली सांडले.

मग तू सर्किटकडे, म्हणजे ट्रॅकवरच्या शर्यतींकडे वळलीस. रॅलीवाल्यांनी आणि ट्रॅकवाल्यांनी, दोघांनीही डोक्याला हात लावला. पहिल्या सरावात तू प्रत्येक वळणाला गाडीचा मागचा भाग असा फिरवलास, जणू खाली माती आहे, आणि टायरांचा पार भुगा केलास. तुझा मेकॅनिक म्हणाला होता, ही गाडी चालवत नाही, ट्रॅक झाडून काढते. मला तेव्हा आपण ज्याला बोका म्हणायचो तो ड्रायव्हर आठवला. तो याच्या उलट, ट्रॅकवरून आपल्याकडे रॅलीत आलेला. एक वळण चुकलं की शांतपणे म्हणायचा, असू दे, पुढच्या फेरीत नीट घेतो. त्याच्या शेजारी बसणारा बिचारा ओरडायचा, अरे बाबा, पुढची फेरी नाही, हे वळण आता या जन्मात परत येणार नाही! आपण किती हसायचो त्याला. पण तुझ्या ट्रॅकवर येऊन मी उभा राहिलो तेव्हा कळलं की बोका कुठल्या जगातून आला होता. तिथे चुकलेलं वळण खरंच परत येतं. थोडा वेळ वाट पाहायची, की तेच वळण, तीच सावली, तोच दगड, आणि तुला दुसरी संधी. कुंपणाला टेकून ते बघताना मला गुंगीच आली. उन्हात गाड्या येत होत्या, जात होत्या, परत येत होत्या, आणि मला वाटलं आपण जागे नाही, कुठल्या तरी लांबलचक दुपारच्या झोपेत आहोत.

मागच्या शर्यतीला तू मला स्टँडमध्ये छान सावलीची खुर्ची दिली होतीस. मी तिथे बसलो नाही. चालत चालत त्या चढापाशी गेलो आणि डोळे मिटून नुसता ऐकत राहिलो. एकेक गाडी चढावर यायची आणि इंजिनाचा सूर तसाच वर चढत पलीकडे निघून जायचा. मग तुझी आली. सूर एक श्वासभर खाली बसला आणि पुन्हा उठला. पुढच्या फेरीला तसंच. त्याच्या पुढच्या फेरीलाही. मी डोळे उघडले, कारण ती जागा मी ओळखली. समोर आंधळा चढ, आणि शेजारी कोणी बोलत नाही. तुझ्या त्या एकट्या माणसाच्या गाडीत कोण बोलणार? तू घाबरत नाहीस ग, भिंगरी. तुझा पाय अजून माझं ऐकतो आहे, एवढंच. बाबा गप्प आहे, म्हणून उचलतो आहे. कुरळीला हे सांग. तिच्या कॉम्प्युटरमध्ये हे नसेल.

त्या संध्याकाळी जेवताना मी काही बोललो नाही आणि तू समजलीस की मी रुसलो आहे. शेजारची सीट गेली म्हणून, तू मला सोडून तिकडे गेलीस म्हणून. तुझ्या ताटातला घास तसाच राहिला होता, ते मी पाहिलं. त्यानंतर तू रोज फोन केलास आणि रोज आईनं सांगितलं की बाबा आंघोळीला गेलेत. परवा तू म्हणालीस म्हणे, माणूस आहे की मासा? आई मला सांगताना हसली आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. मी रुसलो नव्हतो. तुला त्या गाडीत बघून माझी छाती इतकी फुगली होती की काय सांगू. मला बोलायचं होतं. हल्ली दुपारी डोळा लागला की आपला जुना रस्ता येतो, धुक्यातून, संपतच नाही, आणि मी वाचत असतो. त्यात माझा आवाज अगदी पहिल्यासारखा असतो. जाग आली की मी थोडा वेळ तसाच पडून राहतो.

आता खरं ते लिहितो. माझ्या घशात गाठ निघाली आहे आणि गुरुवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, माणूस राहील, आवाज राहणार नाही. आवाजाची पेटीच काढावी लागणार आहे. त्या जेवणाच्या दिवशीच घसा नुसता खरखरत होता. तुझ्या मोसमाच्या मध्यात तुला कळू द्यायचं नाही असा मी चंग बांधला होता, पण आई म्हणाली, तिला ऑपरेशननंतर दुसऱ्या कोणाकडून कळलं तर रविवारी तिचा पाय एका चढावर नाही, सगळ्या ट्रॅकवर उचलला जाईल. बाई खरं बोलते. तेव्हा आपण दोघांनी बॉनेटवर बसून केलेला नियम मी आज मोडतो आहे. यापुढे बाबा कायमचा गप्प आहे, आणि पुढे कालवा नाही, खड्डा नाही, काही नाही, रस्ता मोकळा आहे. तू पाय दाब. मला भीती वाटते, ते लपवत नाही, पण तुझ्या सीटपेक्षा मोठी नाही. गुरुवारी यायचं नाही, तुला माझी शपथ. रविवारी शर्यत कर. सोमवारी ये, माझ्या पलंगाशी बस आणि अख्खी शर्यत मला सांग, पहिल्या वळणापासून, एकही वळण न गाळता. या वेळी मी मध्ये एक शब्दही बोलणार नाही.

तुझाच,
अजूनही शेजारीच बसलेला,
बाबा