सहीच्या वरचा शब्द

बाबा, तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली. मी आता यवतमाळला वकिली शिकते. परवा सरांनी न्यायालयीन पुनर्विलोकन शिकवलं. सरकारचा हुकूम कायद्यात बसतो की नाही, हे न्यायालय तपासतं. पण ते आपणहून तपासायला येत नाही, आधी कुणाला तरी तो हुकूम नाकारावा लागतो. इंग्लंडात राजांच्या काळापासून हे असंच आहे, सर म्हणाले. हा अधिकार न्यायाधीशांना बसल्या जागी मिळाला नाही. ‘आम्हाला न विचारता कसं?’ म्हणत अडून बसलेल्या माणसांनी तो त्यांना वापरायला लावला.

मला आपलं अंगण दिसलं. मी दहावीत आहे. ई-क्लासच्या सरकारी जमिनीत आपली पऱ्हाटी बोंडांवर आली आहे, कापूस फुटायला आला आहे, आणि जमीन सोडण्याची नोटीस घेऊन कोतवाल दारात उभा आहे. तुम्ही खाटेवरून उठतही नाही. “पयले आमचं आयकून घ्या म्हना साहेबाले. मंग कागद धाडा.” कोतवाल हसतो. “साहेब का तुहा जवाई हाये, आयकून घ्याले?”

मला लाज वाटली. नुसती पोच तर द्यायची, कशाला वाद, म्हणत मी तुमच्या हातात पेन दिला. तुम्हाला तेवढी सहीच येत होती. “बराबर हाये ना वं, माय?” एवढंच मला विचारलंत. मी हो म्हटलं, आणि सहीच्या वर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘मान्य’. शाळेत हेडमास्तर रजेच्या अर्जावर तेच लिहायचे. त्याशिवाय सरकारी कागद पुरा होत नाही, असं मला वाटायचं.

तशीच नोटीस शेजारच्या घरांनाही आली, पण त्यांनी ती घेतलीच नाही. ते नागपूरला हायकोर्टात गेले, आणि त्यांचं म्हणणं न ऐकता काढलेला हुकूम कोर्टाने रद्द केला. तुमचा कागद पाहून त्यांचे वकील म्हणाले, तुम्ही तर मान्य केलंय. उभ्या पऱ्हाटीसकट जमीन गेली. चहाच्या टपरीवर कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, “मीच लिवलं, मायाच हातानं.” तुम्हाला सहीपलीकडे अक्षर येत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते. वर्गात सरांनी गावाकडचं उदाहरण विचारलं, तेव्हा मी उभी राहून हे सगळं सांगितलं. फक्त शेवटी म्हटलं, माझे वडील अडाणी होते, त्यांनी न समजता ‘मान्य’ लिहिलं. सगळे हळहळले. मी खाली बसले.