शेवंतीवरचा कापूस

इत्सुको,

काल आईचा फोन आला होता. शेवंतीचा सण गावात आता फक्त तुमच्याच अंगणात होतो म्हणाली. यंदा संध्याकाळी फुलांवर कापूस त्या इसामूने पांघरला. मी म्हटलं, "त्याला जमतं तरी का?" आई हसली. "तू गोदीत जाऊन बसलास, म्हणून फुलं थांबतील का रे?"

सकाळी दवाने भिजलेला तोच कापूस तू तोंडावरून फिरवला असशील, म्हातारपण येऊ नये म्हणून. त्याच्या हातचा.

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून लिहितो. उद्याच तुझ्या तोंडावर सुरकुत्या पडाव्यात. इसामू लग्नासाठी दुसरं घर बघेल. मी मात्र मिळेल त्या गाडीने येईन.

तू न विचारताही तुझाच,
तोकुजी