सही येते मले

प्रिय माय,

आज दुपारी सुमनमावशी माझ्या सेवा केंद्रावर आली होती, रेशनकार्डाच्या केवायसीसाठी. तिने मशीनवर अंगठा ठेवला आणि पहिल्याच झटक्याला हिरवा दिवा लागला! मी बघतच राहिले. तू आणि ती जन्मभर शेजारशेजारच्या बागांत राबलात, केळीचा तोच चीक दोघींच्या हाताला. मग तिचा अंगठा उमटतो आणि तुझा का उमटत नव्हता? मी तिला विचारलं. तिने जे सांगितलं ते ऐकून मी बाहेरच्या तिघांना उद्या या म्हटलं, शटर अर्धं ओढलं आणि तुला लिहायला बसले. तुला जाऊन आठ महिने झाले, आणि आजवर तुला एक ओळ लिहायचं सुचलं नव्हतं. समोर कीबोर्ड आहे, पण हे पेनानेच लिहितेय. का, ते तुला कळेलच.

आठवतं तुला, सावद्यात हे केंद्र उघडलं तो दिवस? जळगावहून टेम्पो आला होता. तू एकेक खोकं उघडायला लावून विचारत होतीस, हे काय करतं नि ते काय करतं. मी म्हटलं, कीबोर्ड, माउस, स्कॅनर हे कॉम्प्युटरला सांगणारे. स्क्रीन आणि प्रिंटर हे त्याच्याकडून आपल्याला सांगणारे. तू म्हणालीस, "म्हंजे काही कान नि काही तोंडं. असं सांग ना सरळ!" गेली सात वर्षं मी नव्या मुलींना हेच वाक्य सांगते, आणि माझं म्हणून खपवते.

मग तू सगळ्यांची पूजा केलीस. मॉनिटरला हळदकुंकू, प्रिंटरला हळदकुंकू. मी नारळ फोडत होते तेवढ्यात तू स्कॅनरचं झाकण उघडून आत काचेवरही बोट टेकवलंस! पहिला कागद तुझाच. कोऱ्या पानावर तू सही केलीस, खाली रेघ मारलीस, रेघेखाली दोन टिंबं दिलीस. मी तो कागद स्कॅन केला आणि प्रिंट काढली. "अवं, माही सही या डब्ब्यानं कशी काय काढली?" तू ती प्रिंट उलटसुलट करून पाहिलीस. नंतर ती आपल्या देव्हाऱ्यात गेली. आणि पुढे पंधरा दिवस माझ्या केंद्रातून स्कॅन होऊन निघालेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता. मला वाटलं मशीनच बिघडलंय. गावातल्या एका आबांनी तर पुढच्या खेपेला तक्रार केली, या सातबाऱ्यावर कुंकू का नाही?

तुझी सही! द्वारकाबाई. त्यातल्या 'द्वा'ने तुझे दोन महिने खाल्ले होते. मी तेव्हा पहिलीत होते, तरी मला ते चांगलं आठवतं. शाळेत माझं नाव घालायला तू मला घेऊन गेलीस. हेडमास्तरांनी तुला काही विचारलं नाही. तुझं मनगट धरलं, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, मग कागदावर दाबला आणि म्हणाले, "पुसा पदराला." तू पुसलास. त्याच आठवड्यात तू प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊन बसलीस.

पाटी तुला पुरत नसे. तू बागेत खिळा घेऊन जायचीस आणि केळीच्या खोडावर नाव कोरायचीस. कोरलेलं आधी दिसत नाही, पण चीक सुकला की अक्षरं काळी पडतात. आम्ही भावंडं बागेत लपाछपी खेळायचो, तर झाडाझाडावर द्वा, द्वा, द्वार, द्वारका! दादा ओरडायचा, "माय, या झाडाचा र पडला!" तू कमरेवर हात ठेवून म्हणायचीस, "पडू दे, दुसऱ्या झाडाले घालते."

सही यायला लागल्यावर मग काय विचारतेस! जिथे तिथे तुला सही करायची असायची. पोस्टमन आला की आधी हात धुवायचीस, मग पेन मागायचीस. द्वारकाबाईंची सही होईपर्यंत मागच्याने चहा पिऊन यावं, अशी गावात थट्टा होती. तुला ती आवडायची, हेही मला माहीत आहे.

आणि मग माझ्याच केंद्रात हे अंगठ्याचं मशीन आलं.

घरातल्या प्रत्येकाची केवायसी करायची होती, नाहीतर नाव कार्डावरून जाणार. मी तुला बोलावलं. तू इस्त्रीचं लुगडं नेसून आलीस, खुर्चीत बसलीस, पिशवीतून स्वतःचं पेन काढलंस आणि विचारलंस, "कुठी करू?" मी म्हटलं, "सही नको माय, अंगठा दे."

तुझा चेहरा उतरला तो मला दिसला होता. खोटं कशाला बोलू? दिसला होता. पण मागे दहा माणसं उभी होती.

"सही येते मले," तू म्हणालीस.

"अगं, इथे कलेक्टर आला तरी अंगठाच लागतो. दादा तिकडे देवपूरच्या कॉलेजात प्राध्यापक आहे ना? तोही रोज सकाळी अंगठा देऊनच आत जातो."

"एवढं शिकून?" तू म्हणालीस. मग पेन पिशवीत परत ठेवत, "त्याचं निराळं वं. कलेक्टरले नि प्रोफेसरले कोनी अंगठाछाप नही म्हनत."

लोक हसले. मीही हसले. आणि हसता हसता तुझं मनगट धरलं, अंगठा काचेवर टेकवला.

लाल दिवा. पुन्हा लाल. दहाही बोटं झाली, प्रत्येक वेळी लाल. पुढच्या महिन्यात चार वेळा तुला बोलावलं. लिंबू चोळलं, खोबरेल लावलं, कपड्याच्या साबणाने घासून घेतलं. तू काही न बोलता हात पुढे करायचीस. आणि मी? रांगेतल्या सगळ्यांना सांगत सुटले, "चाळीस वर्षं केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिलं कापली हिने, चिकाने रेषाच खाल्ल्या हो हिच्या!" किती अभिमानाने सांगायचे मी ते! एका ट्रेनिंगमध्ये उभी राहून सांगितलं, तेव्हा टाळ्यासुद्धा पडल्या.

शेवटी डोळ्यांचं मशीन मागवलं आणि त्यावर तुझं काम एका मिनिटात झालं. तू खूश. "डोया घे, दोन्ही घे," म्हणालीस. मला वाटलं, म्हातारी सुटली एकदाची कटकटीतून.

आज सुमनमावशी काय म्हणाली, सांगू? "अवं पोरी, तिचा अंगठा उमटत नही असं कोनं सांगलं तुले? ती टेकवतच नव्हती तं उमटंल कुठून! उभा धरे, नखाच्या टोकावर. मले म्हने, जिचं नाव शायेत घालाले अंगठा दिला नि मंग सही शिकली, तिच्याच दुकानात पुन्हा अंगठा देऊ?"

माय, इतका वेळ मी तुझ्या शेजारी होते. तुझं मनगट माझ्या हातात होतं. पण दरवेळी मी स्क्रीनकडे बघत होते, हिरवं होतंय की लाल. तुझ्या हाताकडे मी एकदाही पाहिलं नाही.

आणि तू तरी का बोलली नाहीस? एरवी तर वाणी तराजूवर बोट ठेवतो म्हणून भर बाजारात भांडायचीस! लेकीशीच का गप्प राहिलीस? लोकांसमोर माझा पाणउतारा नको म्हणून? एकदा घरी, भाकरी थापताना म्हणाली असतीस, तर मी ऐकलं नसतं का? बहुतेक नसतंच ऐकलं. नियम सांगितला असता.

आता जे लिहायचं आहे, ते लिहायला हात धजत नाही. जळगावच्या दवाखान्यातली ती सकाळ. ऑपरेशनच्या संमतीचा कागद घेऊन नर्सबाई आल्या. त्यांनी नीट विचारलं होतं, "आजींना सही येते का?" आणि मी, द्वारकाबाईची मुलगी, म्हणाले, "हात थरथरतोय हो, अंगठाच घ्या." त्यांनी शाईचं पॅड पुढे केलं. तू माझ्याकडे बघत होतीस. तुझी दोन बोटं अंगठ्याला लागून हलत होती. मला वाटलं, पाणी मागतेय. मी चमचा पुढे केला, तर तू ओठ मिटून घेतलेस. मग मी तुझं मनगट धरलं.

अंगठा लख्ख उमटला. एकूणएक रेषा! मी त्या नर्सबाईंना म्हणालेही, "कमाल आहे, चिकाला सुट्टी मिळाली तर रेषा परत आल्या." तेव्हाही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तू पेन मागत होतीस ना? सांग ना, पेनच मागत होतीस ना?

ऑपरेशननंतर तू शुद्धीवर आलीच नाहीस. म्हणजे या जगातल्या कागदांवर तुझी शेवटची खूण अंगठ्याची आहे, आणि ती मी घेतली. हे मला आता जन्मभर सोसायचं आहे. मी ते सोसेन, तू त्याची काळजी करू नकोस.

मघाशी कॉम्प्युटरमधली सगळ्यात जुनी फाइल उघडली. तो पहिला कागद अजून आहे. द्वारकाबाई, रेघ, दोन टिंबं, कोपऱ्यात कुंकवाचा ठिपका. रंगीत प्रिंट काढली. तुझ्या फोटोखाली लावतेय.

मशीन तर राहणारच, माय; ते माझ्या हातात नाही. पण काउंटरवर एक वही ठेवली आहे, दोरीला पेन बांधून. ज्याला सही येते, त्याने आधी वहीत सही करायची, मग स्वतःच्या हाताने अंगठा ठेवायचा. रांग कितीही लांब असो, मागचा जाऊन चहा पिऊन येईल. आणि मी पुन्हा कुणाचंही मनगट धरणार नाही, हा तुला माझा शब्द. वहीत पहिली सही सुमनमावशीची झाली. तिला परत बोलावून घेतलं. तिलाही वेळ लागला. मी तिच्या हाताकडे बघत बसले होते.

आता खाली माझी सही करते. रेघ आणि दोन टिंबं तुझ्यासारखीच देते.

तुझी,
उषा द्वारकाबाई
———
• •